निकालात प्रवेशिकेची वेळही छापा

संपादक महोदय,

जागतिक जलतरण स्पर्धेच्या बातम्यांत छोट्या देशांच्या जलतरणपटूंची दखल घेतलीच, तर 'विजेत्यापेक्षा इतके सेकंद मागे' एवढीच असते. हा हिशेबच चुकतो. ज्या देशाच्या एकाही खेळाडूने पात्रतेसाठी ठरवून दिलेली 'अ' (कडक) वा 'ब' (थोडी सैल) वेळ गाठलेली नाही, त्यालाही दोन पुरुष आणि दोन महिला, प्रत्येकी दोन वैयक्तिक शर्यतींसाठी उतरवता येतात. हीट, म्हणजे प्राथमिक फेरीतले गट, पडतात ते प्रवेशिकेवरच्या, म्हणजे नाव नोंदवताना दिलेल्या आधीच्या वेळेनुसार, संथ आधी. या खेळाडूंची लढत अंतिम फेरीशी नसतेच, असते ती स्वतःच्याच त्या वेळेशी.

त्यांचे अडते ते भिंतीशी. अनेकांचा सराव 25 मीटरच्या तलावात होतो. तिथे 100 मीटरला तीन टर्न (वळणे), म्हणजे तीनदा भिंतीला पाय रेटून मिळालेला वेग. 50 मीटरच्या तलावात टर्न एकच. तिसाव्या मीटरनंतर हात आखूड पडू लागतो आणि परतीच्या 50 मध्ये दम संपतो. बॅकस्ट्रोकवाले, म्हणजे पाठीवर पोहणारे, भिंतीच्या 5 मीटर अलीकडे वर टांगलेल्या पताकांपासून भिंतीपर्यंत किती हात मारायचे ते मोजतात. सरावाला पताकाच नसतील तर डोके आपटते, किंवा लवकर पालथे होऊन नुसते तरंगत भिंत गाठली म्हणून बाद व्हावे लागते. स्टार्टचेही तेच. सपाट काठावरून सूर मारणाऱ्याला ब्लॉकच्या (सूर मारायच्या चौथऱ्याच्या) तिरप्या मागच्या पट्टीवर पाय कुठे ठेवायचा हेच आधी शिकावे लागते. इशाऱ्याआधी सुटला की बाद, दुसरी संधी नाही.

2000 च्या सिडनी ऑलिंपिकमधला विषुववृत्तीय गिनीचा एरिक मुसाम्बानी 100 मीटर फ्रीस्टाइलच्या 1 मिनिट 52.72 सेकंदांमुळे सर्वांना आठवतो. त्याच हीटमधले बाकीचे दोघे चुकीच्या स्टार्टमुळे बाद झाले होते, हे मात्र विसरले जाते. आणि सगळेच छोटे देश पहिल्या हीटमध्ये अडकत नाहीत! 1988 मध्ये सोलला सुरिनामच्या अँथनी नेस्टीने 100 मीटर बटरफ्लायमध्ये 53.00 सेकंदांसह अमेरिकेच्या मॅट बिओंडीला शंभरांश सेकंदाने हरवले. 2024 मध्ये बुडापेस्टला केमन बेटांचा जॉर्डन क्रुक्स 50 मीटर फ्रीस्टाइल 19.90 सेकंदांत पोहला. 20 च्या आत येणारा जगातला पहिलाच. तो तलाव 25 मीटरचा होता, हेही लक्षात घ्यावे.

तेव्हा निकालाच्या तक्त्यात प्रवेशिकेची वेळ, पहिल्या 50 मीटरची वेळ आणि अंतिम वेळ शेजारी-शेजारी द्यावी. जागा कमी पडत असेल तर 'विजेत्यापासूनचे अंतर' हा रकाना काढता येईल.

आपले,
काही जलतरण प्रशिक्षक