इंजेक्टर बदलण्याआधी टाकीच्या तळाशी काय आहे ते पाहा

संपादक महोदय,

ट्रकचे इंजिन मिसिंग करू लागले, धूर वाढला, सकाळी सेल्फ मारून मारून बॅटरी उतरू लागली, की गॅरेजमध्ये निदान ठरलेले असते : 'इंजेक्टर गेला'. इंजेक्टर म्हणजे इंजिनमध्ये डिझेलचा फवारा मारणारा भाग. बरेचदा हे निदान खरेही असते. पण तो का गेला हे कोणी शोधत नाही. नवा संच बसतो, काही महिन्यांत तोही त्याच वाटेने जातो आणि मग 'हल्लीचा मालच खराब' असे म्हटले जाते. आपल्या वाचकांपैकी जे ट्रक चालवतात किंवा सांभाळतात, त्यांच्यासाठी हे पत्र.

जुन्या यांत्रिक इंजेक्टरचे नोझल, म्हणजे फवारा सोडणारे टोक, साधारण 200 ते 300 बार दाबाला उघडत असे. हल्लीच्या कॉमन रेलमध्ये, म्हणजे सगळ्या इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या सामाईक नळीत, दाब 1600 ते 2000 बार आणि काही इंजिनांत 2500 बारपर्यंत जातो. ट्रकच्या टायरमध्ये आठएक बार हवा असते, त्यावरून कल्पना यावी. नोझलची छिद्रे 0.1 ते 0.2 मिलीमीटरची असतात. आतली सुई आणि तिचे घर यांच्यात फट असते अवघी दोन ते चार मायक्रॉन. माणसाचा केस सुमारे 70 मायक्रॉन जाडीचा. म्हणजे जो कण डोळ्याला दिसतच नाही, तोच येथे घातक ठरतो. एवढ्या दाबाने धावणाऱ्या डिझेलमधली बारीक धूळ इंजेक्टरमधल्या व्हॉल्व्हची आणि नोझलची सीट (घट्ट बसण्याची जागा) अक्षरशः कोरून काढते. व्हॉल्व्हची सीट गेली की डिझेल रिटर्नला, म्हणजे टाकीकडे परत जाणाऱ्या नळीत, पळते, सेल्फ मारताना रेलमध्ये पुरेसा दाब तयार होत नाही आणि गाडी सुरू होत नाही. नोझलची सीट गेली की थेंब गळतात. त्यातून थंड इंजिनला पांढरा धूर आणि ठोक्याचा आवाज येतो, डिझेल खाली उतरून ऑइलची पातळी वाढते आणि दुर्लक्ष झाले तर पिस्टनचा माथा जळतो. डिपस्टिकवर ऑइल वर चढलेले दिसले, तर त्या क्षणी गाडी थांबवावी. पातळ झालेले ऑइल बेअरिंगही घेऊन जाते.

धुळीइतकाच मोठा शत्रू म्हणजे पाणी. इंजेक्टर आणि पंपाला वेगळे वंगण नसते, डिझेल हेच त्यांचे वंगण. पाण्याला तो गुण नाही. पाणी शिरले की धातूवर धातू घासतो, गाडी उभी राहिली की गंज चढतो आणि तापलेल्या नोझलच्या टोकाशी पाण्याची एकदम वाफ होऊन टोक फुटूही शकते. हे पाणी येते कोठून? भेसळीतून येते, तसे अर्ध्या रिकाम्या टाकीतूनही येते. रात्री टाकी थंड पडते आणि आतल्या दमट हवेतले पाणी भिंतींवर जमून तळाशी उतरते. म्हणून टाकी संध्याकाळी भरावी, सकाळी नव्हे. झाकणाचा रबर आणि ब्रीदर (टाकीत हवा ये-जा करण्याची वाट) शाबूत ठेवावा. बायोडिझेल मिसळलेले इंधन पाणी जास्त धरते. पाणी आणि डिझेल यांच्या सीमेवर जंतू वाढून काळपट, बुळबुळीत साका तयार होतो. फिल्टर वेळेआधी चोंदत असेल, तर पहिला संशय त्याच्यावर घ्यावा.

वॉटर सेपरेटरमध्ये, म्हणजे डिझेलमधले पाणी वेगळे करणाऱ्या भांड्यात, साचलेले पाणी रोज सकाळी, गाडी सुरू करण्याआधी काढावे, कारण रात्रभरात ते खाली बसलेले असते. ते जमिनीवर न सोडता काचेच्या स्वच्छ बाटलीत घ्यावे आणि दहा मिनिटे ठेवावे. तळाशी वेगळा थर दिसला तर नितळ डिझेल येईपर्यंत काढत राहावे. डॅशबोर्डवरचा पाण्याचा दिवा लागेपर्यंत थांबणे म्हणजे उशीर करणे होय.

आता एक चूक, जी चांगले मिस्त्रीही करतात. नवा फिल्टर बसवण्याआधी त्यात वरून डिझेल ओततात, म्हणजे लाइनमधली एअर (हवा) लवकर निघते. पण मधल्या भोकातून ओतलेले डिझेल फिल्टरच्या स्वच्छ बाजूला पडते आणि न गाळता थेट पंपात व इंजेक्टरात जाते. फिल्टर कोरडा बसवून इंधनाच्या हातपंपानेच एअर काढावी. त्याला पाच मिनिटे जास्त लागतात, एवढेच. फिल्टर मूळ दर्जाचाच हवा. नकली फिल्टरचा कागद ओला झाल्यावर चेपला जातो आणि सगळा कचरा एकदम पुढे सोडतो.

रॉकेलच्या भेसळीने डिझेल पातळ होते आणि त्याचे वंगण कमी पडते. टाकी कोरडी होईपर्यंत गाडी ओढली तरी तेच होते. पंप कोरडा फिरला की त्याचा धातू झिजून चुरा होतो आणि तो सगळ्या इंजेक्टरांत पसरतो. जुन्या फिल्टरमध्ये चकचकीत कण दिसले, तर एकटा इंजेक्टर बदलून भागणार नाही. टाकी, पाइप, रेल, पंप, सारे साफ करावे किंवा बदलावे लागते. अर्धवट काम केले तर नवा संच त्याच चुऱ्याने मरतो.

इंजेक्टरखालचा तांब्याचा वॉशर क्षुल्लक वाटतो, पण दर वेळी नवाच घालावा. इंजिनच्या हेडमधली इंजेक्टर बसण्याची जागा कार्बन खरवडून स्वच्छ करावी आणि त्याला धरून ठेवणारा क्लॅम्प ठरलेल्या टॉर्कवर (कसण्याच्या जोरावर) कसावा. तेथून सिलिंडरमधला गॅस निसटला की चक-चक आवाज येतो, इंजेक्टरभोवती डांबरासारखा काळा कार्बन साचतो आणि नोझल तापून जाते.

संच बदलण्याआधी रिटर्नची चाचणी मागावी. प्रत्येक इंजेक्टरचा रिटर्न वेगळ्या मोजनळीत घेऊन इंजिन ठरावीक वेळ चालवायचे आणि निर्मात्याच्या मर्यादेशी ताडून पाहायचे. एकाच नळीत इतरांच्या दुप्पट-तिप्पट डिझेल जमले, तर दोषी तोच. रिटर्न हेडच्या आतून जात असेल, तर रेलवरची एकेक लाइन टोपीने बंद करून दाब चढतो का ते पाहावे. वायरिंग आणि कनेक्टर आधी तपासावेत. घासलेली वायरसुद्धा हुबेहूब मेलेल्या इंजेक्टरसारखी लक्षणे दाखवते. बाटलीतले क्लीनर फक्त साचलेला थर सोडवते, झिजलेला धातू भरून देत नाही.

चालू इंजिनवर हाय-प्रेशर पाइप कधीही सैल करू नये, गळती बोटाने चाचपू नये. ती धार कातडीच्या आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसली तरी तातडीने रुग्णालय गाठावे. इंजिन बंद करून दाब उतरल्यावरच पान्याला हात लावावा. नव्या इंजेक्टरवरचा कोड ईसीएममध्ये (इंजिनच्या संगणकात) भरला गेला का, हेही ट्रक ताब्यात घेण्याआधी विचारावे. तो कोड त्या एका नगाचे माप असते. तो न भरल्यास चांगला इंजेक्टरही कमी-जास्त डिझेल सोडतो. बिलासोबत चाचणीचे आकडे आणि काढलेले जुने इंजेक्टर मागून घ्यावेत.

आपला,
डिझेल इंजेक्शन दुरुस्तीतील एक तंत्रज्ञ