हात पाठीशी बांधून उभ्या राहिलेल्या मॅडमना

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

समोर येऊन आभार मानले असते तर 'चहा घे आणि कामाला लाग' म्हणून तुम्ही विषय मिटवला असता. म्हणून इथं, सगळ्यांसमोर.

कोल्हापुरात राजारामपुरीत जनावरांचा दवाखाना टाकून तेव्हा जेमतेम चार महिने झाले होते. उभ्या म्हशीची डावी कूस उघडून पोटातले तार-खिळे काढणं मला जमत होतं. कुत्रीचं गर्भाशय काढायला मात्र कॉलेजात चौघांत एक कुत्री मिळाली, आणि त्या चौघांत माझ्याकडं दिवा धरायचं काम होतं. तरीही गंगावेशीतल्या एका गवळी मामांची कुत्री, राणी, मी टेबलावर घेतली. डावी बाजू बिनबोभाट झाली. उजवी ओव्हरी, म्हणजे अंडाशय, कुत्रीत जरा पुढं, खोल असते. ती वर येईना. कशीबशी गाठ मारली, कापलं, चिमटा सोडला आणि रक्तवाहिन्यांचा बुंधा गाठीतून निसटून आत गेला. पोट रक्तानं भरायला लागलं.

औषध कंपनीच्या एका एमआरनं कधीतरी दिलेला तुमचा नंबर माझ्या दवाखान्यातल्या पोरानं लावला. ओळख ना पाळख. 'गॉझ कोंबत बसू नको,' स्पीकरवरून तुमचा आवाज आला. 'ड्युओडेनम शोध, लहान आतड्याचा पहिला भाग. उचल, डावीकडं घे. बाकीची आतडी तिच्या पडद्यात अडकून बाजूला जातील.' गेली. किडनी दिसली, आणि तिच्या मागच्या टोकाशी तो बुंधा. चिमटा लागल्याचं ऐकूनच तुम्ही फोन ठेवलात. मी पोट शिवत होतो तेव्हा दारात तुमची स्कूटर वाजली.

पुढच्या रविवारपासून शिकवणी. आपल्या दवाखान्यापासून दोन गल्ल्या पलीकडं दुकान मांडलेल्या पोराला फुकट कोण शिकवतं, हे मला अजून कळलेलं नाही.

पहिला महिना जनावराला हात लावू दिला नाहीत. मुदत संपलेले दोरे खुर्चीच्या दांड्याला बांधायचे. दोन्ही वेढे एकाच दिशेनं पडले की गाठ घसरती होते, हे पुस्तकात वाचलं होतं. तुम्ही साबणाचं पाणी लावून ती माझ्याच बोटांनी सरकवून दाखवायला लावलीत. आईनं विचारलं, 'खुर्चीला नवस बोललायस काय रे?' मग लक्ष्मीपुरीतून आणलेल्या कोंबडीच्या तंगड्यांवर टाके. शेवटचा दोरा मोजून काढल्याशिवाय त्या तंगड्या बोक्याला घालायच्या नाहीत, ही तंबी. नाहीतर पुढच्या रविवारी त्याचंच आतडं उघडायला लागलं असतं.

खरी ऑपरेशनं सुरू झाली तेव्हा तुम्ही माझ्या मागं, हात पाठीशी बांधून उभ्या. मला आभार मानायचे आहेत ते याचे. ओव्हरीला बरगडीकडं धरून ठेवणारा बंध तोडताना डोळ्याला काही दिसत नाही, जे कळतं ते बोटाला. मी चाचपडत होतो, नाकावर घाम. तुम्हाला दोन मिनिटांचं काम. तरी हात पुढं आला नाही, फक्त 'वर ओढू नको, बोट शेपटीकडं आण' एवढंच. बंध सुटला, ओव्हरी वर आली. त्या क्षणी माझ्या तर्जनीला जे कळलं ते मला आजही कुणाला शब्दांत सांगता येत नाही.

रागावलात फक्त एकदा. रक्त टिपायचे दहा गॉझ आत गेले, नऊ बाहेर आले, आणि मी म्हणालो, 'असेल इथंच कुठंतरी.' दहावा अंगावर पांघरलेल्या ड्रेपखाली सापडला खरा, पण तोवर तुम्ही मला पोट बंद करू दिलं नाहीत, आणि नंतर अख्खा चहा होईपर्यंत एक शब्द बोलला नाहीत. आता माझ्या टेबलाशेजारी फळा आहे, त्यावर गॉझचा आकडा लिहिल्याशिवाय मी चाकू हातात घेत नाही.

राणी परवा रेबीजच्या लसीला आली होती. मामा पाव लिटर खरवसाचा चीक देऊन गेले. निम्मा तुमचा, डबा पोराबरोबर पाठवतोय.

सोनेरी मुठीचा तुमचा नीडल होल्डर, टाक्याची सुई धरायचा चिमटा, अजून माझ्याकडंच आहे. तो मात्र डब्याबरोबर येणार नाही.

तुमचा,
दोन गल्ल्या पलीकडचा