कॅथलिक जावई आणि तारणाचा प्रश्न : मित्रास पत्र

भायखळा, मुंबई

प्रिय शमुवेल,
प्रेमपूर्वक सलाम.

तुझ्या लेकीचं, ग्रेसचं लग्न ठरल्याचं वाचून फार आनंद झाला. त्याच पत्रात प्रार्थना-गटातल्या त्या भावाचं बोलणं वाचून तेवढंच वाईट वाटलं. मुलगा कॅथलिक, म्हणजे त्याचं तारण (पापातून सुटका) झालेलं नाही, म्हणजे 'विश्वास न ठेवणाऱ्यांशी विजोड होऊ नका' हे वचन इथे लागू, असं त्याचं म्हणणं. हे खरं का, असं तू मला सरळ विचारलंस, तर मीही सरळ सांगतो. कॅथलिक माणसाचं तारण होऊ शकतं. हे मी जुन्या कडक प्रॉटेस्टंट शिकवणीला धरूनच म्हणतोय, तिच्यात पाणी घालून नव्हे.

तुझ्या प्रश्नात तीन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. रोमची, म्हणजे कॅथलिक चर्चची, शिकवण बरोबर आहे का? त्या रोमन मंडळीला खरी मंडळी, म्हणजे ख्रिस्ताचं चर्च, म्हणायचं का? आणि वसईच्या या मुलाचं तारण होईल का? पहिल्याचं 'नाही' उचलून थेट तिसऱ्याला चिकटवलं की सगळा घोळ होतो.

पहिल्याचं माझं उत्तर 'नाही'च आहे. प्रॉटेस्टंटांना उत्तर देणाऱ्या कॅथलिक चर्चच्या ट्रेंट परिषदेने 13 जानेवारी 1547 रोजी नीतिमान ठरवण्याविषयीचा, म्हणजे पापी माणूस देवासमोर योग्य कसा ठरतो याविषयीचा, ठराव केला. त्यात 16 प्रकरणं आणि 33 कलमं आहेत. माणूस केवळ विश्वासाने नीतिमान ठरतो असं म्हणणाऱ्याला नववं कलम शापित ठरवतं, आणि चोविसावं सांगतं की सत्कर्मं ही नुसती फळं नाहीत, त्यांनी नीतिमत्त्व वाढतंही. आपण म्हणतो, ख्रिस्ताचं नीतिमत्त्व आपल्या खाती गणलं जातं. ते म्हणतात, देव नीतिमत्त्व आपल्या आत ओततो आणि त्या आतल्या नीतिमत्त्वावर आपण त्याच्यापुढे उभे राहतो. मोठं पाप घडलं तर ती कृपा जाते, आणि प्रायश्चित्त-संस्काराने परत मिळते. हा फरक शब्दांचा खेळ नाही. मरणाच्या खाटेवर पडलेल्या माणसाने कशाकडे पाहायचं, ख्रिस्ताने केलेल्या कामाकडे की स्वतःत झालेल्या बदलाकडे, हे त्यावर ठरतं. ल्यूथरने 1536 च्या अखेरीस लिहिलं की या मुद्द्यावर तसूभरही मागे हटता येणार नाही, आणि मला ते आजही पटतं.

पण त्याच 33 कलमांतलं पहिलं कलम आपल्याकडे कोणी वाचून दाखवत नाही. ख्रिस्ताद्वारे मिळणाऱ्या देवाच्या कृपेशिवाय, स्वतःच्या कर्मांनी माणूस देवासमोर नीतिमान ठरू शकतो असं जो म्हणेल तो शापित, असं ते कलम आहे. आठव्या प्रकरणात तर असंही आहे की नीतिमान ठरण्याआधी माणूस जे काही करतो, मग तो विश्वास असो वा कर्म, त्याने ती कृपा कमावली जात नाही. म्हणून 'कॅथलिक लोक कर्मांनी तारण मानतात' हे वाक्य जसंच्या तसं खोटं आहे. ग्रेसने ते त्या मुलाच्या आईसमोर उच्चारलं तर ती बाई योग्यच दुखावेल.

आता तिसरा प्रश्न. त्यावर मला सर्वांत भरवशाचा वाटतो तो चर्च ऑफ इंग्लंडचा धर्मपंडित रिचर्ड हूकर. 1585 मध्ये तो लंडनच्या टेंपल चर्चचा प्रमुख झाला. तिथे सकाळी तो उपदेश करी आणि दुपारी तिथलाच दुसरा, कडक प्युरिटन उपदेशक वॉल्टर ट्रॅव्हर्स त्याचं खंडन करी. रोमच्या अमलाखाली जगून मेलेल्या आपल्या वाडवडिलांतल्या हजारोंवर देवाने दया केली असेल, असं हूकर म्हणाला आणि ट्रॅव्हर्सने त्याच्यावर तोफ डागली. हूकर रोमला सूट देत नव्हता. नीतिमान ठरवण्याबद्दल रोम चुकते असंच तो त्याच उपदेशात सांगत होता. त्याचा युक्तिवाद असा : पाया, म्हणजे ख्रिस्तच तारतो हे, उघडपणे नाकारणं वेगळं आणि पाया कबूल करून त्यावर अशी शिकवण रचणं वेगळं, जिचा शेवटपर्यंत विचार केला तर पाया डळमळतो. दुसऱ्या प्रकारच्या माणसाला तो शेवट दिसतोच असं नाही. तो ख्रिस्ताला धरून असतो आणि चुकीचं ओझंही वाहत असतो. पश्चात्तापी मनाने ख्रिस्ताला धरणारा पोप किंवा कार्डिनल असला, तरी केवळ एका चुकीपायी त्याची आशा संपते असं मी म्हणणार नाही, इथवर तो गेला. माणसं चुकत असतानाही देव त्यांना दयेने तारू शकतो असं मानणं चूक असेल, तर तीच चूक माझं सर्वांत मोठं समाधान आहे, असंही त्याने म्हटलं. शमुवेल, हे वाक्य मला फार जवळचं आहे.

नीट पाहिलंस तर आपल्याच शिकवणीतून हे निघतं. तारण ख्रिस्तावरच्या विश्वासाने होतं, 'केवळ विश्वासाने तारण' हा सिद्धांत बिनचूक मांडता येण्याने होत नाही. वधस्तंभावरच्या त्या चोराला कुठे सिद्धांत मांडता येत होता? तारणासाठी सिद्धांताची परीक्षा पास व्हायला लावली, तर तीही एक कमाईच झाली. मग आपण रोमला कोणत्या तोंडाने बोल लावायचा?

दुसऱ्या प्रश्नावर प्रॉटेस्टंटांत एकमत नाही, आणि तुझ्या गटातली कडक भाषा कुठून आली ते इथे कळतं. प्रेस्बिटेरियन मंडळ्यांची शिकवण मांडणारा वेस्टमिन्स्टर विश्वासांगीकार 1646 चा, त्याचं 25 वं प्रकरण पोपला ख्रिस्तविरोधी (अँटिख्राइस्ट) म्हणतं. स्कॉटिश मिशनचे जॉन विल्सन 1829 मध्ये मुंबईत आले ते याच परंपरेतून. अमेरिकेतल्या उत्तरेकडच्या प्रेस्बिटेरियनांनी ते शब्द 1903 मध्ये काढले. पण त्याच प्रकरणात असंही आहे की पृथ्वीवरच्या सर्वांत शुद्ध मंडळ्यांतही भेसळ आणि चूक असते. प्रॉटेस्टंट सुधारक कॅल्विनने तर लिहिलं की पोपच्या सत्तेखालीही देवाने मंडळीच्या खुणा राखल्या, त्यांत बाप्तिस्मा मुख्य. 1845 मध्ये अमेरिकेतल्या ओल्ड स्कूल, म्हणजे परंपरावादी गटाच्या, प्रेस्बिटेरियनांच्या महासभेने कॅथलिक बाप्तिस्मा अग्राह्य ठरवला, तेव्हा प्रिन्स्टनचे चार्ल्स हॉज यांनी विरोधात लेख लिहिला. हॉज काही रोमचे मित्र नव्हते. पाणी आहे, त्रैक्याचं (पिता, पुत्र, पवित्र आत्मा) नाव आहे, बाप्तिस्मा देण्याचा हेतू आहे, मग बाप्तिस्मा नाही म्हणायचं कशाच्या आधारे, एवढाच त्यांचा मुद्दा होता. आपल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियातही कॅथलिक माणसाला पुन्हा बाप्तिस्मा देत नाहीत. बुडवूनच बाप्तिस्मा मानणाऱ्या मंडळ्यांचा प्रश्न वेगळा, त्या तर तुझा-माझा लहानपणचा बाप्तिस्माही धरत नाहीत.

प्रकटीकरणाच्या 18 व्या अध्यायातलं 'तिच्यामधून निघा' हे वचन तुमच्या गटात हमखास निघेल. त्या ओळीची सुरुवातच 'माझ्या लोकांनो' अशी आहे हे त्यांना शांतपणे दाखव. त्या वचनातली 'ती', म्हणजे बाबेल नगरी, रोमच आहे हा अर्थ क्षणभर मान्य केला, तरी देव आत असलेल्यांना आपले लोक म्हणतोय.

अलीकडच्या करारांबद्दल थोडक्यात. 31 ऑक्टोबर 1999 रोजी आउग्सबुर्गमध्ये लुथरन जागतिक संघ आणि रोम यांनी नीतिमान ठरवण्याबद्दल संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. 2006 मध्ये मेथडिस्ट आणि 2017 मध्ये रिफॉर्म्ड मंडळ्यांची जागतिक संघटना त्यात आली. अमेरिकेतल्या मिझुरी सिनॉडच्या लुथरनांनी तो नाकारला. मला तो उपयोगी वाटतो, पण ट्रेंटचं एकही कलम त्याने रद्द केलेलं नाही. आज मांडलेल्या लुथरन शिकवणीला ते शाप लागू होत नाहीत, एवढंच त्यात आहे. लग्नाच्या बोलणीत 'आता सगळं मिटलंय' असं कोणी म्हणालं तर मान डोलावू नकोस.

मुलाशी बोलायचं कसं, हे खरं महत्त्वाचं. आपले लोक एक ठरलेला प्रश्न विचारतात : 'आज रात्री मेलास तर स्वर्गात जाशील याची खात्री आहे का?' कॅथलिक माणूस म्हणतो, 'देवाची दया असेल तर.' झालं, आपले लोक ठरवतात की याचा विश्वास नाही. पण अंतापर्यंत टिकण्याची पक्की खात्री विशेष प्रकटीकरणाशिवाय कोणी सांगू नये, असं ट्रेंटचं सोळावं कलमच आहे. खात्री बोलून दाखवणं हा त्याला लहानपणापासून उद्धटपणा म्हणून शिकवलेला आहे. त्याच्या उत्तरात कळते ती त्याची शिकवण, त्याचं मन नव्हे. त्यापेक्षा विचार : पाप घडलं की तू कुठे जातोस, आणि तिथे क्षमा कशाच्या बळावर मिळते? येशू मेला आणि उठला म्हणून, असं तो म्हणाला तर ऐकून घे. पापकबुलीनंतर फादर जे क्षमेचे शब्द म्हणतात, त्यांची सुरुवातच देवाने पुत्राच्या मरणाने आणि पुनरुत्थानाने जगाशी समेट केला इथून होते. मिस्सामध्ये, म्हणजे त्यांच्या उपासनाविधीत, ख्रिस्तप्रसाद घेण्याआधी सगळे शुभवर्तमानातल्या त्या रोमन शताधिपतीचे शब्द म्हणतात, की प्रभू, तू माझ्या छपराखाली यावंस इतकी माझी योग्यता नाही. रोमच्या सर्वांत जुन्या यज्ञप्रार्थनेत तर आमची योग्यता न तोलता आम्हाला क्षमा कर अशी विनवणी आहे. तो हे दर रविवारी म्हणत असेल आणि मनापासून म्हणत असेल, तर तो लूकच्या 18 व्या अध्यायातल्या, 'देवा, मज पाप्यावर दया कर' म्हणणाऱ्या जकातदाराच्या शेजारीच उभा आहे.

उलट तो म्हणाला, 'मी कोणाचं वाईट केलेलं नाही, नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना) चुकवत नाही, सप्टेंबरात माउंट मेरीला जातो', तर काळजी कर. बांद्र्याच्या जत्रेत मेणाचे हात, पाय, घरं, बाळं विकायला असतात. ज्याला जे हवं ते घेऊन तो मरीयेपुढे वाहतो. त्यांची अधिकृत शिकवण मरीयेचा मान आणि देवाची उपासना वेगळी ठेवते, पण मेणाचं घर हातात घेतलेल्याच्या मनात तो भेद उरतोच असं नाही. त्याचा भरवसा कुठे टेकलाय हे त्यालाच प्रेमाने विचारावं लागेल. आणि हाच प्रश्न आपल्या घरातही विचार. दशांश (कमाईचा दहावा भाग) नियमित दिला म्हणून देवाने फ्लॅट दिला, अशा साक्षी आपल्या सभांत टाळ्या घेतात. त्या टाळ्यांतही तोच रोग आहे. प्रिन्स्टनच्या ग्रेशॅम मेचनने 1923 मध्ये लिहिलं की रोम आणि आपल्यातली दरी खोल आहे, पण ख्रिस्ताचं देवत्व आणि वधस्तंभ सोडून दिलेल्या आपल्याच पाळकांपासून आपण त्याहून दूर आहोत.

आता व्यवहाराचं. ग्रेसच्या बाप्तिस्म्याचा दाखला आजच शोधून ठेव, आणि त्यावर पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने पाण्याने बाप्तिस्मा दिल्याची नोंद आहे का ते पाहा. दाखला असेल तर त्यांच्या कायद्यात हा मिश्र विवाह ठरतो आणि बिशपची परवानगी पुरते. बाप्तिस्मा सिद्ध झाला नाही तर वेगळी सूट घ्यावी लागते, ती नसेल तर ते लग्नच ग्राह्य धरत नाहीत. ग्रेसला पुन्हा बाप्तिस्मा घ्यायला कोणी सांगितलं तर ते त्यांच्याच नियमांत बसत नाही, नम्रपणे नकार दे. परवानगीसाठी मुलाला वचन द्यावं लागतं की आपला विश्वास जपेन आणि मुलांचा बाप्तिस्मा व संगोपन कॅथलिक मंडळीत व्हावं म्हणून शक्य ते सगळं करीन. ग्रेसला वचन द्यावं लागत नाही, फक्त त्या वचनाची माहिती तिला देतात. बहुतेक घरांत पुढे भांडण होतं ते इथे. फॉर्म भरताना सगळे हसत असतात आणि पहिलं बाळ झालं की आजी-आजोबा एकमेकांशी बोलेनासे होतात. मुलं कुठे जातील, बायबल घरी कोण शिकवेल, ग्रेस रविवारी कुठे जाईल, हे त्या दोघांनी सहीआधी बोलायला हवं, तू किंवा व्याह्यांनी नव्हे. घरातलं कोणी वारलं की मृतासाठी मिस्सा ठेवतात, त्या वेळी ग्रेस काय करेल तेही.

लग्न त्यांच्या चर्चमध्ये असेल तर मिस्साशिवाय, फक्त बायबलवाचनाच्या विधीसह लावा असं फादरना सुचव. मिस्सा असला तर ख्रिस्तप्रसादाच्या वेळी नवरी बाजूला उभी राहते आणि दोन्ही घरांचे चेहरे पडतात. आपल्या चर्चमध्ये हवं असेल तर बिशपकडून विधीची सूट आधीच घ्यावी लागेल. सकाळी इथे आणि संध्याकाळी तिथे असं दोनदा लग्न लावायला त्यांचा कायदा मनाई करतो, तेव्हा हॉलवाल्याला आगाऊ पैसे देण्याआधी हे नक्की कर.

प्रार्थना-गटात वाद घालत बसू नकोस, त्या भावाला एकदा घरी चहाला बोलाव आणि हूकरचं म्हणणं सांग. मुलाला आणि ग्रेसला घेऊन भायखळ्याला येणार असशील तर शनिवारी संध्याकाळी ये, रोमकरांस पत्राचे तिसरा आणि चौथा अध्याय आपण चौघं मिळून वाचू. मराठी बायबल त्याने त्याचंच आणावं, कॅथलिक आवृत्ती. वहिनींना सलाम, ग्रेसला आशीर्वाद.

तुझा,
विनय