मुक्तास पत्र

इंदूर, १२ मे २०२५

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

दुपारी फोनवर तू रडलीस, तेव्हा मला काही सुचलं नाही. म्हणून लिहितोय.

शुक्रवारी सेन्सेक्स ८८० अंकांनी पडला आणि तू म्युच्युअल फंडातले सगळे पैसे काढलेस. शनिवारी भारत-पाकिस्तानमधला गोळीबार थांबल्याचं जाहीर झालं आणि आज बाजार २,९७५ अंकांनी वर गेला. पण तुला वाटलेली भीती खोटी नव्हती. सात तारखेला संध्याकाळी इथे सायरन वाजले, सरावासाठी दिवे मालवले, तेव्हा गॅलरीत अंधारात उभं राहून माझ्याही पोटात गोळा आला. जवळच महूची छावणी. तिथल्या घरांत काय चाललं असेल, हेच मनात येत होतं.

२००१ साली मीही हेच केलं. तू वर्षाची होतीस. न्यूयॉर्कचे मनोरे कोसळले, तिथला बाजार १७ सप्टेंबरला उघडला आणि त्यांचा डाऊ जोन्स निर्देशांक सात टक्क्यांहून जास्त पडला. आपला सेन्सेक्स २,६०० च्या आसपास आला. आईला न विचारता मी शेअर विकून टाकले. डिसेंबरात संसदेवर हल्ला झाला, तरी वर्षअखेरीस सेन्सेक्स ३,२०० च्या वर होता. आईला मी हे कितीतरी वर्षांनी सांगितलं.

युद्ध किती लांबेल, तेल किती भडकेल, परदेशी संस्था किती पैसे काढून नेतील, हे कुणालाच माहीत नसतं, तेव्हा बाजार सर्वात जास्त घाबरतो. ही भीती मोजणारा निर्देशांक म्हणजे इंडिया व्हिक्स. तो निफ्टीच्या ऑप्शनच्या, म्हणजे ठरलेल्या भावाने खरेदी-विक्रीचा हक्क देणाऱ्या करारांच्या, किमतींवरून काढतात. लोक पडझडीपासून संरक्षण घ्यायला धावले की ऑप्शन महागतात आणि व्हिक्स चढतो. अंदाज येऊ लागला की तो उतरतो.

पण आजची उसळी बघून उद्या सगळे पैसे परत घालू नकोस. २४ फेब्रुवारी २०२२ ला युक्रेनवर हल्ला झाला, सेन्सेक्स २,७०२ अंकांनी पडला, दुसऱ्या दिवशी १,३२८ अंकांनी वर आला, आणि मार्चमध्ये तेल भडकल्यावर आणखी खाली गेला. पुढच्या वर्षीच्या फीचे पैसे एफडीत ठेव. बाकीच्या पैशांची एसआयपी, म्हणजे दर महिन्याची ठरावीक गुंतवणूक, नेहमीच्या तारखेला सुरू कर.

विक्रीचं स्टेटमेंट मला पाठव. वर्ष उलटलेली युनिटं कोणती, ते आधी बघू. त्यांच्यावरच्या सव्वा लाखापर्यंतच्या नफ्याला कर नाही. रविवारी सकाळी फोन कर, आईपण असेल.

तुझे बाबा