वाईच्या मिस्त्रींना, एका नव्या मोटारसायकलीबद्दल

मिस्त्री दादा, सप्रेम नमस्कार.

गाडीची वायरिंग वॉरंटीत बदलून मिळाली आणि त्यानंतर सगळा पावसाळा ती पसरणी घाटात एकदाही बंद पडली नाही. हे सांगायला मी गॅरेजवर आले होते. तुम्ही ‘बरं झालं, ताई’ म्हणालात आणि समोरच्या गिऱ्हाइकाच्या चेनकडे वळलात. माझं बोलणं राहून गेलं. ते आता सगळ्यांसमोर लिहिते आहे, कारण नवी गाडी घेऊन हैराण झालेले लोक पुष्कळ आहेत आणि तुम्ही काय केलंत ते त्यांनाही कळायला हवं.

मी राहते वाईत, विज्ञान शिकवते पाचगणीत. मधे बारा-तेरा किलोमीटरचा रस्ता, त्यातला बराचसा घाटाचा. एसटीच्या वेळा शाळेशी जुळेनात म्हणून कर्ज काढून मोटारसायकल घेतली. पहिली सर्व्हिसिंग झाली आणि थोड्याच दिवसांत ती वळणावर बंद पडायला लागली. कसली चाहूल नाही, धक्के नाहीत, इंजिन एकदम गप्प. चढावरच्या आखूड वळणावर, पहिल्या-दुसऱ्या गियरमध्ये असताना इंजिन गेलं की मागचं चाक अडतं आणि गाडी आतल्या बाजूला कलंडते. एकदा दाट धुक्यात असं झालं तेव्हा मागे एसटी होती. ड्रायव्हरने वेळेवर ब्रेक मारला आणि कंडक्टरने खाली उतरून गाडी कडेला घ्यायला हात दिला. त्या दोघांची नावं मला माहीत नाहीत, त्यांचेही आभार इथेच मानते.

त्यानंतर आईने गाडी घाटात न्यायला बंदी केली. हप्ता गाडीचा जात होता आणि मी उभ्याने एसटीत जात होते.

सर्व्हिस सेंटरमध्ये प्रत्येक वेळी तेच व्हायचं. मुलं गाडी घेऊन सरळ रस्त्यावर एक फेरी मारायची, स्कॅनर लावायची आणि सांगायची, ‘मॅडम, एकही एरर नाही.’ एकदा साइड स्टँडचा स्विच बदलला, स्टँड खाली असताना इंजिन बंद करतो तो. एकदा टाकीतलं पेट्रोल काढून टाकायला लावलं. मग सुपरवायझर म्हणाले, ‘चढावर तुमचा गियर उतरवायला उशीर होत असेल.’ मी कॉलेजपासून वडिलांची गाडी याच घाटात चालवत आले आहे. इंजिन दमून बंद पडणं वेगळं आणि असं एका क्षणात जाणं वेगळं, हे मी सांगत होते. कुणी लिहून घेत नव्हतं. जॉबकार्डवर, म्हणजे सर्व्हिस सेंटरच्या तक्रारीच्या कागदावर, दर वेळी एकच ओळ: ‘इंजिन बंद पडते’, आणि खाली ‘दोष आढळला नाही’.

तुमच्याकडे आले ती एका सहकाऱ्याच्या सांगण्यावरून, आणि खरं म्हणजे फार आशा न धरता. तुम्ही गाडीला हात लावला नाहीत. आधी मला स्टूल दिलंत आणि विचारायला सुरुवात केलीत. सरळ रस्त्यावर बंद पडते की वळणावर? डाव्या की उजव्या? चढताना की उतरताना? बंद पडताना मीटरची लाइट जाते का? परत येते तेव्हा काटा शेवटपर्यंत जाऊन मागे येतो का? टाकीतला पंप ‘झूंऽ’ असा आवाज करतो का?

मी डोळे मिटून आठवत होते आणि एकेक उत्तर देत होते. डाव्या वळणावर. चढताना जास्त. मीटर जातं, क्षणभरात परत येतं. काटा फिरतो, म्हणजे सकाळी किल्ली लावल्यावर फिरतो तसाच. आणि हो, पंपाचा आवाज येतो. हे सगळं मी पाहिलेलं होतं, ऐकलेलं होतं, फक्त तोवर कुणी विचारलं नव्हतं.

‘मग हे पेट्रोलचं नाही,’ तुम्ही म्हणालात. पेट्रोल कमी पडलं तर गाडी आचके देत मरते आणि मीटर चालू राहतं. साइड स्टँडचा स्विच किंवा हँडलवरचं इंजिन बंद करायचं लाल बटण असतं तर इंजिन गेलं असतं, मीटर गेलं नसतं. दोन्ही एकाच वेळी जातात म्हणजे किल्लीतून पुढे जाणारा करंटच तुटतो. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते पाणी ओढतं, टाकीत पाणी साठलं तर गाड्या खरोखर बंद पडतात, हेही तुम्ही मला समजावलंत. आणि पुढे म्हणालात, ‘पण पाण्याने बंद पडणारी गाडी डावं-उजवं बघत नाही.’

स्कॅनरला काही का सापडत नव्हतं हे मला त्या दिवशी कळलं. गाडीच्या कंप्युटरने जे टिपून ठेवलेलं असतं तेवढंच स्कॅनर दाखवतो. इथे करंट जाताना कंप्युटरच बंद होत होता, मग टिपणार कोण? सर्व्हिस सेंटरमधल्या मुलांवर माझा राग नाही. त्यांच्यापुढे गाड्यांची रांग असते आणि हातात तेवढंच यंत्र. राग आहे तो ‘दोष आढळला नाही’ या ओळीवर, कारण ती ओळ लिहिली की शोध तिथेच थांबतो.

मग तुम्ही मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट मोजायचं यंत्र, घेतलात. बॅटरीवर १२.६ व्होल्ट. किल्लीपासून फ्यूज बॉक्सकडे येणाऱ्या वायरवरही जवळपास तेवढेच. हँडल डावीकडे नेलंत, आकडा जरासा हलला आणि तिथेच राहिला. मला वाटलं, झालं, इथेही काही सापडणार नाही. तेव्हा तुम्ही फळीवरून हेडलाइटचा एक जुना बल्ब काढलात, ३५ वॅटचा, आणि त्याच वायरवर जोडलात. हँडल सरळ असताना बल्ब लख्ख. डावीकडे वळवत गेलात तसा तो तांबूस होत गेला आणि शेवटाला पूर्ण विझला. हँडल सरळ केलंत, परत लख्ख.

दादा, मी नववी-दहावीला विद्युतधारा शिकवते. मल्टिमीटर जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. म्हणून वायरमधल्या सगळ्या तारा तुटून टोकं नुसती जेमतेम टेकलेली असली तरी तो १२ व्होल्ट दाखवणार. ३५ वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर तीन अँपिअरच्या आसपास ओढतो. तेवढा भार आला की ते जेमतेम टेकणं पुरं पडत नाही. हे गणित मी फळ्यावर कित्येकदा केलं आहे. माझ्याच गाडीच्या टाकीशेजारी ते घडताना बघून अंगावर काटा आला.

टाकी उचलून तुम्ही टॉर्च धरलात. किल्लीचा स्विच हँडलबरोबर फिरतो, पण वायर पुढे चेसिसला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, जाते, त्यामुळे प्रत्येक वळणाला ती वाकते. म्हणून तिथे वायरला थोडी सैल जागा ठेवतात. माझ्या गाडीत ती जागाच नव्हती. शोरूममध्ये गाडी देताना मोबाइल चार्जर बसवला होता, त्याची वायर आणि किल्लीची वायर एकाच प्लास्टिकच्या टायमध्ये चेसिसला करकचून आवळलेली. सगळा ताण एका बिंदूवर येत होता. आतली तांब्याची तार एकेक करून तुटत होती आणि वरचं प्लास्टिक शाबूत. डाव्या वळणावर आपण रस्त्याच्या आतल्या कडेने जातो, हँडल जास्त वळतं, म्हणून डावीकडेच. सरळ रस्त्यावरच्या फेरीत हे कधीच दिसलं नसतं.

त्या क्षणी तुम्ही वायर कापून जोडून दिली असती तर मी पैसे देऊन आनंदाने घरी गेले असते. तुम्हाला कमाई झाली असती आणि काम फार वेळाचं नव्हतं. तुम्ही टेपसुद्धा सोडला नाहीत. ‘मी इथे कापलं की उद्या कुठलीही इलेक्ट्रिकची तक्रार आली तरी ते माझ्यावर ढकलतील. वॉरंटी तुमची आहे, ती घालवू नका.’ मग माझाच मोबाइल घेऊन, गाडीची नंबर प्लेट आणि किलोमीटर दिसतील अशा बेताने, बल्बचा व्हिडिओ काढून दिलात. आणि एका कागदावर लिहिलंत: ‘हँडल डावीकडे पूर्ण वळवल्यावर इंजिन व मीटर एकाच वेळी बंद. किल्लीच्या वायरला भार देऊन तपासावे.’ जॉबकार्डवर हेच वाक्य लिहून घ्या, सही झालेली प्रत मागा, आणि चार्जरचं बिल शोधा, असं बजावलंत.

ते बिल महत्त्वाचं ठरलं. सर्व्हिस सेंटरमध्ये पहिलाच प्रश्न आला, ‘बाहेरून काही बसवलंय का?’ मी शोरूमचंच बिल पुढे केलं. व्हिडिओ मॅनेजरने स्वतः पाहिला, मग आतल्या मुलाला बोलावून बल्ब लावायला सांगितला. बल्ब तसाच विझला. त्यानंतर कुणी गियरचं नाव काढलं नाही. पार्ट यायला वेळ लागला, पण पूर्ण वायरिंग सेट विनाशुल्क बदलला.

तोवर मी तक्रारीचा मसुदाही तयार ठेवला होता. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली सदोष वस्तूबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं, तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत, आणि ५ लाखांपर्यंतच्या वस्तूला अर्जाचं शुल्क लागत नाही. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. आयोगाकडे जायची वेळ आली नाही. पण आली असती तर माझ्या बाजूने बोलायला तुमचा कागद आणि तो व्हिडिओ होता. त्याआधी माझ्याकडे फक्त माझा शब्द होता आणि समोर त्यांची सही असलेली जॉबकार्डं.

दादा, मला सगळ्यात जास्त कशाचं मोल वाटतं ते सांगते. तुम्ही माझं ऐकलंत. चालवणारी व्यक्ती जे सांगते तोच दोषाचा पहिला पुरावा आहे असं धरून चाललात. घाटातली वळणं मी रोज घेते, गाडी काय करते ते माझ्याइतकं कुणाला कळणार, हे तुम्ही गृहीत धरलंत. कित्येक दिवसांत पहिल्यांदा मला कुणापुढे माझं गाडी चालवणं सिद्ध करावं लागलं नाही. निघताना मी पर्स उघडली तर म्हणालात, ‘वायर मी जोडली नाही, पैसे कशाचे?’ दोन तास तुमचे गेले होते, बाहेर लोक ताटकळत होते.

गाडी परत आल्यावर नव्या वायरिंगला टाय कुठे आणि किती सैल बांधलाय ते बघून घ्या, असं तुम्ही फोनवर सांगितलंत. बघितलं. ठीक आहे. चार्जर काढून टाकला. आईची बंदी उठली आहे.

आता एक मागणं. मुख्याध्यापिकांशी मी बोलले आहे. दहावीच्या मुलांना रोध आणि भार शिकवताना तो बल्बचा प्रयोग तुमच्या हातून दाखवावा अशी फार इच्छा आहे. शनिवारी शाळा सकाळची असते, दुपारपर्यंत तुम्ही गॅरेजवर परत याल. नेण्या-आणण्याची जबाबदारी माझी. बॅटरी, वायरी, मल्टिमीटर प्रयोगशाळेत आहेत. तो जुना बल्ब तेवढा बरोबर आणा, आणि कुठला शनिवार जमेल ते कळवा.

आपली कृतज्ञ,
पाचगणीच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाई