मारुतीच्या गळ्याला पाणी येण्याआधी

मा. जलसंपदा मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
स. न. वि. वि.

नाशिकच्या भांडी बाजारात आमचं दुकान आहे. आम्ही गोदावरीचा पूर मोजतो तो पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर. पाणी गुडघ्याला लागलं की नजर तिकडेच. कमरेला आलं की पितळी हंडे माळ्यावर, गळ्याला आलं की शटर ओढून घरी. तेवढ्यात मोबाइल वाजतो : गंगापूर धरणातून इतके क्युसेक (सेकंदाला इतके घनफूट) विसर्ग. आकडा खरा असतो, पण सोडलेल्या पाण्याचा. पडलेल्या पावसातलं किती खाली येणार, ते आम्हाला आधी कळत नाही.

मुलगी सिव्हिल इंजिनिअरिंगला आहे. तिनं पावतीपुस्तकाच्या पाठीवर मांडून दाखवलं : १०० चौरस किलोमीटरवर १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे १ कोटी घनमीटर पाणी. सगळं सहा तासांत वाहून आलं तर सरासरी १६ हजार क्युसेक. निम्मं मुरलं तर ८ हजार. मेख मुरण्यातच आहे. जूनमध्ये त्र्यंबककडची तापलेली माती पाणी पिते. ऑगस्टात भातखाचरं तुडुंब असताना तेवढाच पाऊस थेट नदीत येतो.

हिमालयात मातीच्या जागी बर्फ. मला वाटायचं, पावसाच्या उबेनं तो वितळतो. पण १० अंशांचा १०० मिलिमीटर पाऊस जेमतेम १२-१३ मिलिमीटर पाण्याइतका बर्फ वितळवतो. त्याहून जास्त काम दमट वारा करतो : त्यातली एक ग्रॅम वाफ बर्फावर निवली की सातेक ग्रॅम बर्फाचं पाणी होतं. बर्फाचा थर कोरडा, गारठलेला असेल तर तो बराच पाऊस धरून ठेवतो. आधीच भिजून शून्य अंशावर आलेला असेल तर पाऊस आणि वितळलेलं पाणी एकदम खाली उतरतं. जून २०१३ मध्ये केदारनाथला अतिवृष्टीच्या जोडीला वितळलेला बर्फही होता. म्हणून तिथला अंदाज बांधताना आधी थर तपासावा लागतो.

आपल्याकडे तपासायची ती माती. कश्यपी, गौतमी, गंगापूर धरणांच्या पाणलोटात ती किती भिजली आहे ते रोज मोजा आणि मेसेजमध्ये लिहा : एवढा पाऊस अपेक्षित, त्यातलं एवढं वाहील, शहरातल्या होळकर पुलाशी अमुक वाजता पोहोचेल. धरणाखाली गोदावरीला मिळणाऱ्या नासर्डी-वाघाडी नद्यांचंही लिहा. त्यांना दरवाजे नाहीत. २०२७ च्या सिंहस्थात ऑगस्टमध्येच रामकुंडावर पाय ठेवायला जागा नसेल.

आम्हा दोघा भावांना हंडे माळ्यावर चढवायला दोन तास लागतात. निदान तेवढं आधी कळू द्या.

आपला,
भांडी बाजारातला एक दुकानदार, नाशिक