त्या इंजिनाचे पैसे देण्याआधी

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र आल्यापासून डोक्यात दुसरं काही नाही. तू बांधतोयस त्या विमानासाठी मोडीत निघालेल्या गाडीचं दोन लिटरचं इंजिन तू हेरून ठेवलंयस. १४० हॉर्सपॉवर, आणि तेवढ्याच ताकदीच्या विमानाच्या इंजिनापेक्षा कितीतरी स्वस्त. हाच हिशेब मीही मांडला होता, म्हणून पैसे देण्याआधी हे पूर्ण वाच.

ती १४० हॉर्सपॉवर कुठल्या आरपीएमला, म्हणजे मिनिटाला किती फेऱ्यांना, मिळते ते आधी बघ. साडेपाच-सहा हजारांना मिळत असणार. तुझा प्रॉपेलर १.७ मीटर व्यासाचा. तो ५५०० ने फिरवलास तर पात्याचं टोक सेकंदाला जवळजवळ ४९० मीटर वेगाने जाईल, आणि आवाजाचा वेग आहे ३४० च्या आसपास. कानठळ्या बसतील, ओढ मात्र मिळणार नाही. २७०० ला तेच टोक २४० वर राहतं. लायकमिंग ओ-३२० हे विमानाचंच इंजिन पाच लिटरहून मोठं असूनही १५०-१६० हॉर्सपॉवरच देतं, म्हणून तू त्याला जुनाट म्हणतोस. पण ते ती ताकद २७०० लाच देतं. मध्ये फेरे कमी करणारा गिअर लागत नाही.

तुला तो लागणार, आणि माझा जीव तिथंच अडकलाय. चार सिलिंडरचं इंजिन क्रँकच्या, म्हणजे त्याच्या मुख्य दांड्याच्या, दर फेऱ्याला दोन ठोसे देतं. गाडीत ते फ्लायव्हील, क्लच प्लेटमधल्या स्प्रिंगा आणि टायर मिळून पचवतात. विमानात क्रँकपुढे गिअर आणि त्यापुढे जड प्रॉपेलर. ठोशांची लय शाफ्टच्या पीळ खाण्याच्या लयीशी जुळली, की झोपाळ्याला नेमक्या वेळी धक्का द्यावा तसा पीळ वाढतच जातो.

माझं इंजिन जमिनीवरच्या स्टँडवर बांधून चालवून बघत होतो, तेव्हा हेच झालं. हजार आरपीएमच्या आसपास गिअरबॉक्स खडखडायचा, बाराशेच्या वर शांत. मी आयडलिंग वाढवलं आणि प्रश्न सुटला असं धरून चाललो. पण चालू-बंद करताना प्रत्येक वेळी त्याच टप्प्यातून जावं लागत होतं. अकराव्या तासाला इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारं रबरी कपलिंग फाटलं. इंजिन मोकळं सुटून किंचाळलं, प्रॉपेलर सावकाश थांबला. हवेत असतो तर? ते चित्र अजून डोळ्यांसमोरून जात नाही. उघडून पाहिलं तर गिअरच्या दातांच्या कडा झडलेल्या, आणि इंजिनावर साधा ओरखडाही नाही.

गिअर चालतच नाही असं नाही. हलक्या विमानांचं रोटॅक्स ९१२ इंजिन तर ५८०० आरपीएमपर्यंत फिरतं. पण तिथं इंजिन आणि गिअरबॉक्स एकमेकांसाठीच आखलेत. आपण एकीकडून इंजिन आणतो, दुसरीकडून गिअरबॉक्स, प्रॉपेलर तिसऱ्याचा. ते एकमेकांशी कसे वागतील हे कुणीच तपासलेलं नसतं.

रेडिएटरचंही तसंच. गाडीचा उचलून नाकात बसवू नकोस. समोरचं तोंड लहान हवं, मग डक्ट (हवेचा बोगदा) हळूहळू रुंद होत जायला हवा, म्हणजे हवा मंदावून जाळीतून जाईल. मागची वाट मोकळी नसेल तर सगळं फुकट. कसोटी चढताना लागते, तेव्हा ताकद पूर्ण आणि वेग कमी असतो. विजेचं तू जाणतोसच: विमानाच्या इंजिनात ठिणगी देणाऱ्या मॅग्नेटोला बॅटरी लागत नाही, तुझ्या इंजिनाचा ईसीयू (इंजिन चालवणारा छोटा संगणक) आणि पेट्रोल पंप मात्र तिच्यावरच जगतात. दोन बॅटऱ्या, दोन पंप, वायरिंग वेगवेगळं. यात काटकसर नको.

माझं मत विचारशील तर वेगाचा मोह थोडा सोड. बर्नार्ड पीटनपोल यांनी १९२० च्या दशकाअखेरीस फोर्ड मॉडेल ए या गाडीचं इंजिन आपल्या एअर कँपर विमानावर बसवलं. हॉर्सपॉवर चाळीसच, पण सावकाश फिरणारी, थेट प्रॉपेलरला जोडलेली. फोक्सवॅगन बीटलचं इंजिनही तसंच जोडता येतं. प्रॉपेलर लहान ठेवावा लागतो, ताकद कमी मिळते. पण गिअर नाही, रेडिएटर नाही, म्हणजे रात्री झोप उडवणाऱ्या दोन गोष्टी कमी. एकट्याने उडायच्या हलक्या विमानाला ते पुरतं. तुझ्या दोन माणसांच्या सांगाड्याला पुरणार नाही हे कळतं मला, आणि म्हणूनच हे लिहिताना जड जातंय.

तेच इंजिन घ्यायचं ठरलं असेल तर गिअरबॉक्सचं ड्रॉइंग आधी मला पाठव. कपलिंग कुठलं आहे तेही कळव. स्टँड मी मोडलेला नाही. विमानावर चढवण्याआधी इंजिन इथे आण, तुझाच प्रॉपेलर लावून आपण दोघं ते पन्नास तास चालवू, दर दहा तासांनी गिअरबॉक्स उघडून दात बघू.

तुझा,
जुना मित्र